मुलीचा रकाना

“कुठं दुखतं?” डॉक्टर साळव्यांनी विचारलं.

माय माझ्याकडे बघायला लागली.

चूक आमचीच होती. गावाहून तालुक्याला यायला एसटीनं दीड तास लागतो. त्या दीड तासात आम्ही सगळं ठरवलं होतं. किती दिवस राहायचं, अंथरायला काय घ्यायचं, मायच्या जागी भाकरी कोण थापणार. नेमकं काय दुखतंय, एवढं ठरवायचं राहून गेलं होतं.

“पोट,” मी म्हणाले.

“तुला नाही विचारलं. बाई, पोटात कुठं?”

मायनं लुगड्यावरून हात फिरवला, एका जागी थांबवला, पुन्हा थोडा पुढं नेला. “हितं असल.”

“असल म्हणजे?”

“हाय. हितंच हाय.”

डॉक्टरांनी दाबलं. माय शांतपणे छताकडे बघत राहिली. मी तिच्या पायाला चिमटा काढला.

“आई गं,” ती म्हणाली. पण तोवर डॉक्टरांनी हात उचलला होता.

त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. “दाबल्यावर नाही, हात काढल्यावर दुखलं?” त्यांच्या आवाजात एकदम आस्था आली. “बरं झालं लवकर आलात. भरती करा यांना.”

ही शहाऐंशी सालच्या जुलैतली गोष्ट. मला दहावीला एकेचाळीस टक्के होते. गणितात पस्तीस, आणि तेही कुणाच्या तरी दयेनं आलेले. मिशन हॉस्पिटलच्या नर्सिंग स्कूलमध्ये दर वर्षी वीस मुली घेत. यादी फळ्यावर लागली तेव्हा मायच मला घेऊन आली. तिला वाचता येत नव्हतं. मी वरून खाली एकेक नाव वाचत गेले आणि ती प्रत्येक नावाला “ही न्हाई” म्हणत गेली. वीस नावं संपली. खाली आणखी एक ओळ होती.

“ही?” मायनं बोट ठेवलं.

“ही सही आहे,” मी म्हणाले.

खिडकीतल्या क्लार्कनं माझी गुणपत्रिका बघितली आणि दोन बोटांनी परत सरकवली. मायनं खिडकी सोडली नाही. शेवटी तो वैतागून म्हणाला, “विसांतली एक मुलगी अजून आली नाही. पुढच्या शनिवारी दुपारी बारापर्यंत आली नाही, तर ती जागा मेट्रनबाई भरतील.”

“कशी भरणार?”

“त्यांच्या नजरेत भरेल ती घेतील. व्हा आता बाजूला.”

तो बोलून गेला. मायनं तो नियम म्हणून घेतला. परतीच्या एसटीत ती म्हणाली, “मार्क गेले ते गेले, पमे. आता नजरेत भरायचं.”

“त्याला नजरेसमोर राहावं लागतं. मला कोण राहू देणार तिथं?”

“दवाखान्यात कोण ऱ्हातं?”

“पेशंट.”

“आन पेशंटासंगं?”

“नातेवाईक,” मी म्हणाले. मला दुसरी वाटही नव्हती. वडील मी चौथीत असताना गेले होते. माय एका मुलींच्या वसतिगृहात साठ जणींचा स्वयंपाक करायची आणि तिथल्या अधीक्षकांनी तिला सांगून ठेवलं होतं, पोरगी पास होवो की नापास, दुसरी चूल रिकामीच आहे. त्या चुलीशी मला बसू द्यायचं नाही, एवढं मायनं ठरवलं होतं.

माय गेली त्याला आता चार महिने झाले. भेटायला येणारे म्हणतात, फार सोशिक होत्या हो. मी मान हलवते. सोशिक बाई मिशनच्या खाटेवर पाच दिवस लोळून दुसऱ्यांच्या कळा देत नाही, हे कुणाला सांगत बसणार.

आम्हाला खाट मिळाली नऊ नंबरची. सोमवारी दुपारी माय तिच्यावर आडवी झाली आणि वर बघत राहिली. मग म्हणाली, “दिवसा पाठ टेकली की छत केवढं लांब वाटतं गं.”

मंगळवारी सकाळीच योजनेतला दोष उघडा पडला. मी उजाडायच्या आत उठून फरशी पुसली, नऊ नंबरची चादर ताणून बसवली, शेजारच्या खाटेवरच्या बदामबी नावाच्या म्हातारीची वेणी घालून दिली. आठ वाजता घंटा झाली आणि आयाबाई दारातून म्हणाली, “नातेवाईक बाहेर. मेट्रनबाईंचा राऊंड.” मला बाहेरच्या कट्ट्यावर बसवलं. मेट्रन उजागरे बाई आत गेल्या, पलीकडच्या दारानं निघून गेल्या, आणि मग मला आत सोडलं. संध्याकाळी पाचला पुन्हा तसंच. म्हणजे दिवसातून ज्या दोन वेळा मेट्रनबाई वॉर्डात येत, नेमकी त्याच दोन वेळा मी तिथं नसे.

“काय म्हणाल्या?” मी आत येऊन विचारलं.

“चादर कुणी ताणली म्हणून इचारलं.”

“मग?”

“मी तोंड उघडायच्या आत ती सुनंदा शिस्टर म्हणाली, मीच.”

सुनंदा ही दुसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी. तिला दहावीला ऐंशी टक्के होते आणि ते तिचं वॉर्डात सगळ्यांना सांगून झालं होतं.

मायनं ठरवलं, आजार वाढवायचा. आजार मोठा झाला की मेट्रनबाई खाटेशी जास्त वेळ थांबतील, आणि जास्त वेळ थांबल्या की आपण मुलीचा विषय काढू. पण आजाराला माहिती लागते. ती तिनं शेजारून घेतली.

“बदामबी, तुमची कळ कशी येती गं?”

“पाठीतून उठती,” बदामबी म्हणाली. तिला मुतखडा होता. “मग पिरगाळत पिरगाळत जांघंत उतरती. या अल्ला, दुश्मनाला नको.”

संध्याकाळी मायची कळ पाठीतून उठून जांघेत उतरली. बुधवारी तिनं चार नंबरच्या बाईशी गप्पा मारल्या. तिच्या पित्ताशयात खडा होता. दुपारपासून मायच्या उजव्या खांद्यात चमका यायला लागल्या. डॉक्टर साळवे चक्रावले. एरवी ते वॉर्डातून धावत जात, आता नऊ नंबरशी खुर्ची घेऊन बसू लागले. गुरुवारी समोरच्या अकरा नंबरवर बाळंतपणाची एक बाई आली आणि मायला कळा सुरू झाल्या. डॉक्टरांनी घड्याळ लावून मोजल्या. दर सात मिनिटांनी, काटेकोर. मायला घड्याळ कळत नव्हतं. ती समोरची कण्हली की कण्हायची. दुपारी त्या बाईला बाळंतिणीच्या खोलीत नेलं आणि मायच्या कळा जागच्या जागी थांबल्या. डॉक्टरांनी ते कागदावर लिहून दोनदा अधोरेखित केलं.

रक्त मात्र तिनं दिलं नाही. रोज सकाळी लॅबवाले दादा सुई घेऊन आले की ती म्हणायची, “काल घेतलं की तुमी.” मला तिनं हळूच सांगितलं होतं, “तोंडानं कायबी सांगता येतं. रक्त कुणाचं ऐकत न्हाई.”

डॉक्टरांनी बुधवारी सांगितलं होतं की नऊ नंबरचं खाणंपिणं आणि लघवी मोजून लिहा. ते काम सुनंदाचं. ती एक छापील तक्ता घेऊन आली.

“तुला लिहिता येतं?”

“येतं.”

“मग तूच लिही. ह्या बाजूला पोटात गेलेलं, त्या बाजूला बाहेर आलेलं. हे मापाचं भांडं. ट्रेमधून आलेला थेंब न थेंब कुठं गेला ते कळलं पाहिजे. अंदाजानं लिहायचं नाही.” एवढं सांगून ती ड्युटी-रूममध्ये स्वेटर विणायला गेली.

मला आयुष्यात कुणी कधी एवढं महत्त्वाचं काम दिलं नव्हतं. पण पहिल्याच ट्रेला अडचण आली. दूध दोनशे मिली, पाव दोन, उकडलेलं अंडं एक. मायनं ट्रे माझ्याकडे सरकवला.

“खा.”

“हे तुझं आहे.”

“मला अंड्याचा वास येतो. आन दूध बाधतं. खा गं, कुणी बघायच्या आत.”

नातेवाइकांना दवाखान्यात जेवण नसे. मी खाल्लं. आता लिहायचं काय? पोटात गेलं होतं, पण पेशंटच्या नाही. थेंब न थेंब कुठं गेला ते कळलं पाहिजे, असं तर सांगितलेलं. मी पट्टी घेऊन तक्त्यात एक रकाना पाडला आणि वर लिहिलं, मुलगी. त्यात दूध, पाव, अंडं. मायच्या रकान्यात चहा शंभर मिली. दुपारचा वरणभात, मुलगी. चहा, आई. रात्रीची खिचडी, मुलगी. पावाचा तुकडा, आई.

दुसऱ्या दिवशी नवीच अडचण. आत गेलेलं खूप आणि बाहेर आलेलं थोडं. गणितात मला पस्तीस असले तरी एवढं कळत होतं की दूध ज्या पोटात गेलं, तिथूनच ते बाहेर येणार. मग मी संडासात जाताना मापाचं भांडं बरोबर न्यायला लागले.

शुक्रवारी सकाळी डॉक्टरांनी मायला सांगितलं की आता पोट उघडूनच बघावं लागेल. मी कट्ट्यावरून आत आले तेव्हा माय उठून बसली होती.

“फाडणार म्हणं उद्या सकाळी,” ती म्हणाली. “टाके पडले की दहा दिस हलवत न्हाईत.”

“माय, उद्या बाराला सगळं संपतंय. आणि तुला काही झालेलं नाही.”

“म्हणून तर. कायबी सापडणार न्हाई, परत शिवतील. तू तवर दारात उभी ऱ्हा. त्या येळंला नातेवाइकाला बाहेर काढत न्हाईत, मी इचारलंय. आन रडू नगंस. ज्या रडत न्हाईत त्या नजरेत भरत्यात.”

“मरशील.”

“अगं, बदामबीचं दोनदा उघडलंय. हाय की जित्ती.”

“हाय मी,” बदामबी पलीकडून म्हणाली.

दुपारी मला सिस्टरांच्या खोलीत बोलावलं. टेबलामागे डॉक्टर साळवे होते. खिडकीपाशी मेट्रन उजागरे बाई पाठमोऱ्या उभ्या राहून कागद चाळत होत्या. पाच दिवसांत त्या मला पहिल्यांदा जवळून दिसल्या. ठेंगण्या, पांढऱ्या कडक साडीतल्या, चष्म्याची दोरी मानेमागून गेलेली. शेवटी एकदा मी त्यांच्यासमोर होते आणि त्या कागद बघत होत्या.

“उद्या आठ वाजता ऑपरेशन,” डॉक्टर म्हणाले. “इथं सही कर.”

मी पेन घेतलं. प्र लिहिला. पुढचं अक्षर येईना.

“नाव विसरलीस का?”

“तिला काही दुखत नाही,” मी म्हणाले.

“काय?”

“माझ्या मायचं पोट दुखत नाही. दुखलंच नाही.”

“अगं, कळा मी स्वतः मोजल्यात. दर सात मिनिटांनी.”

“त्या अकरा नंबरच्या बाईच्या होत्या.”

“आणि खांद्यातल्या चमका?”

“चार नंबरच्या.”

“पाठीतून जांघेत?”

“बदामबी.”

डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग त्यांनी विचारलं, “आणि पहिल्या दिवशी? मी हात काढल्यावर दुखलं ते?”

“मी चिमटा काढला होता.”

कशासाठी, ते मी सांगितलं. फळ्यावरची यादी, क्लार्क, नजरेत भरणं, सगळं. सांगताना मी खाली बघत होते. सांगून झालं तेव्हा माझ्या लक्षात आलं की आता वसतिगृहाची दुसरी चूल माझी. उद्या बारापर्यंत थांबायचीही गरज नव्हती.

“पाच दिवस,” डॉक्टर म्हणाले. “पाच दिवस मी पुस्तकं उघडून बसतोय. आत्ताच्या आत्ता निघा दोघी.”

“थांबा, डॉक्टर,” मेट्रनबाई म्हणाल्या. त्यांच्या हातात माझा तक्ता होता. “हे कुणी लिहिलं?”

“मी.”

“हा मुलगी म्हणजे कसला रकाना?”

“ती मी आहे.”

“पेशंटच्या कागदावर तू काय करतेस?”

“दूध मी प्यायले होते.”

“आणि गुरुवार, सकाळी सहा. मुलगी, बाहेर, चारशे दहा?”

“ते पण माझंच. नाहीतर मेळ बसत नव्हता.”

“भांड्यात मोजून?”

“हो. नंतर घासून ठेवलं.”

डॉक्टर खिडकीकडे वळले आणि खोकायला लागले. मेट्रनबाई हसल्या नाहीत. त्यांनी खिळ्याला अडकवलेले बाकीच्या खाटांचे, सुनंदानं भरलेले तक्ते काढले आणि एकेक टेबलावर टाकला. “बदामबी, पंधराशे. काल पंधराशे, परवा पंधराशे. लघवी होत नाही म्हणून बाई इथं येऊन पडलीय. चार नंबर, पंधराशे. सहा नंबर परवा घरी गेली, तिलासुद्धा काल पंधराशे झाली.” मग त्या पुन्हा माझ्या तक्त्याकडे वळल्या आणि मायच्या रकान्यावरून बोट खाली नेऊ लागल्या. बोट सावकाश चाललं होतं.

“चहा. पाणी. चहा. पावाचा तुकडा. चहा. चहा. भात दोन घास.” त्यांनी चष्मा वर केला. “ही काय खाते?”

“तिला भूक नसते.”

“घरी?”

“घरीपण नसते.”

“वसतिगृहात स्वयंपाक करते म्हणालीस. तिथं जेवत नाही?”

“जेवते की. आम्ही सगळ्या उठल्यावर.”

“तेव्हा पातेल्यात काय उरलेलं असतं?”

मला ते माहीत नव्हतं. साठ मुलींच्या पंगतीत मी एकसष्टावी असायची. भाकरी संपली की आणखी मागायची.

मेट्रनबाई तरातरा वॉर्डात गेल्या. मी मागोमाग. मला कुणी बाहेर काढलं नाही. त्यांनी मायची खालची पापणी अंगठ्यानं ओढली, मग दुसरी. आतून दोन्ही चुन्यासारख्या होत्या. लॅबवाल्या दादांना बोलावलं. माय म्हणाली, “काल घेतलं की,” पण त्या दिवशी तिचं कुणी ऐकलं नाही. तासाभरानं कागद आला. रक्तातलं हिमोग्लोबिन बारा लागतं, ते पाचाच्या आत होतं.

“ही बाई साठ जणींच्या भाकऱ्या थापते?” डॉक्टर म्हणाले. “ही चालते कशी?”

मायला वाटलं, आपण पकडले गेलो आणि आता आणखी काहीतरी बालंट येतंय. तिनं हात जोडले. “बाई, शपथेवर सांगते, मला कायबी झालं न्हाई. मी ढोंग केलं.”

“ढोंग केलंत ते कळलं,” मेट्रनबाई म्हणाल्या. “आजारी आहात तेही कळलं.”

“दोनी कसं असल?”

“आहे खरं. महिनाभर इथून हलायचं नाही.”

“पाच दिस कळा देऊन कुणी इचारलं न्हाई,” माय बदामबीला म्हणाली, “आन आता खरं बोलले तर जाऊ देईनात.”

शनिवारी बारा वाजता क्लार्कनं खिडकी लावून घेतली. विसावी मुलगी आली नव्हती. तिला शिक्षिका व्हायचं होतं म्हणे. मेट्रनबाईंनी मला ऑफिसात बोलावलं. समोर माझी गुणपत्रिका आणि तो तक्ता शेजारी शेजारी ठेवले होते.

“एकेचाळीस,” त्या म्हणाल्या.

“हो.”

“तुझ्या तक्त्यात बेरीज दोन ठिकाणी चुकली आहे.”

“हो.”

“आकडे मात्र खरे आहेत.” त्यांनी गुणपत्रिका उचलून दुसऱ्या कागदांखाली घातली. “बेरीज मी शिकवीन. दुसरं मला शिकवता येत नाही, सुनंदाला वर्षभर शिकवून बघितलं. सोमवारपासून ये.”

मी पाया पडायला वाकले तर त्यांनी पाय मागे घेतले.

“एक लक्षात ठेव. माझ्या वॉर्डात आलीस की तू कुणाची मुलगी नाहीस. पेशंटच्या ताटातला कण जरी तोंडात टाकलास तर त्याच दिवशी घरी.”

सोमवारी सकाळी मी निळ्या चौकड्यांच्या झग्यात वॉर्डात आले. झगा माझ्या आधीच्या कुणाचा तरी होता, खांद्यावरून घसरत होता. माय मला बघून हसली नाही, तिनं तोंडाला पदर लावला आणि भिंतीकडे वळली. बदामबी म्हणाली, “शिस्टर, माझी वेणी राहिली.”

सात वाजता ट्रे आला. मी नऊ नंबरशी नेऊन ठेवला. मायनं इकडंतिकडं बघितलं आणि दुधाचा ग्लास माझ्याकडे सरकवला.

“पी लवकर. कुणी न्हाई.”

“मी ड्युटीवर आहे.”

“मग झाकून ठेव. ड्युटी सुटल्यावर पी.”

“पेशंटचं आहे ते. तुला प्यायचंय.”

“मला बाधतं, म्हाईत हाय तुला.”

“तू प्यायली नाहीस तर मला घरी पाठवणार आहेत.”

असं कुणीही म्हणालं नव्हतं. ड्युटीवर मी बोललेलं ते पहिलं खोटं.

माय उठून बसली. “कोण म्हणलं?”

“मेट्रनबाई. घोट उतरेपर्यंत मी इथून हलायचं नाही.”

तिनं दाराकडे बघितलं. मग ग्लास दोन्ही हातांनी उचलला आणि तोंडाला लावला. पहिला घोट घेऊन थांबली, जसं काही होतंय का ते बघतेय. दुसरा घेतला. मग सावकाश, एका दमात नाही, पण ग्लास खाली न ठेवता पीत राहिली. मी खाटेच्या पायथ्याशी हात मागे बांधून उभी होते. ग्लास रिकामा झाला. तिच्या वरच्या ओठावर पांढरी रेघ उमटली होती.

“अशी काय बघतीस?” ती म्हणाली. “दूध पिताना माणूस बघितलं न्हाईस का कधी?”

“तुला नाही,” मी म्हणाले.